काट्यावरचं भांडण घरापर्यंत येतं तेव्हा

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असा तपशील वगळून:

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर पावत्या करते. वय ३२, बी.कॉम. झालंय, दोन मुलं आहेत. हा माझा तिसरा हंगाम. तिथले ग्रेडर, म्हणजे कापूस पाहून भाव ठरवणारे, साठीला आलेले, माझ्या माहेरच्या गावचे. मी त्यांना काका म्हणते. त्यांनीच मालकांकडे शब्द टाकून मला हे काम मिळवून दिलं. यंदा मात्र रोजचा त्रास आहे. काका भाव तोंडी सांगतात, गाडी खाली होताना तो बदलतात, आणि शेतकरी भांडायला लागला की सगळ्यांसमोर म्हणतात, ‘इनंच चुकीचं लिहिलं. बाईमाणसाले कापसातलं काय समजते?’ मी गप्प राहते. मालक समोर असले की त्यांचा आवाज खाली येतो. मालकांना सांगून पाहिलं, ते म्हणाले, ‘तुमचं तुम्ही पाहून घ्या, हंगामात मला हे नको.’ माझे मामा काकांशी बोलायला तयार आहेत. नवरा म्हणतो, सोडून दे. काकांचा स्वभावच तापट आहे, पण माणूस वाईट नाही, शिवाय त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. दोन-तीनदा आकडा माझ्याकडूनही चुकला आहे. रात्री झोप येत नाही, सकाळी एस.टी. आली की पोटात गोळा येतो. काम सोडू, पुन्हा मालकांकडे जाऊ, की हंगाम निघेपर्यंत सोसू?

ताई,

तुम्ही तीन वाटा विचारल्या. काकांशी स्वतः बोलणं ही वाट तुमच्या पत्रात कुठेच आलेली नाही. मामा बोलायला तयार आहेत, मालकांनी बोलावं अशी तुमची अपेक्षा होती, नवऱ्याचं म्हणणं सोडून द्यायचं. तुम्ही आणि काका मात्र या विषयावर एकमेकांशी एकदाही बोललेले नाहीत. यात मी तुम्हाला दोष देत नाही. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर काही सांगायची सवय आपल्याकडे कुणी लावत नाही, लेकीसुनांना तर नाहीच. पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

त्याआधी हे भांडण नेमकं कोणत्या क्षणी होतं ते पाहू, कारण तुमच्या पत्रात ते अगदी स्पष्ट दिसतं आणि तरी तुमची नजर त्यावरून घसरली आहे. भरलेली गाडी काट्यावर येते. काका वरच्या थरात हात घालून कापूस पाहतात, भाव सांगतात. तुम्ही वजन घेता, भाव लिहिता, गाडी आत जाते. खाली करताना मधून ओला कापूस निघतो, कवडी म्हणजे किडका-डागी कापूस निघतो, फरतड म्हणजे हंगामाच्या शेवटचा हलका कापूस मिसळलेला दिसतो. काका ढिगाजवळून आवाज देतात, ‘शंभरनं कमी कर.’ जिन चालू, बाहेर ट्रॅक्टरची घरघर, तुमच्या खिडकीशी चार माणसं उभी. रिकामी गाडी परत काट्यावर येते, निव्वळ वजन निघतं, आणि पैशाच्या वेळी शेतकऱ्याला कळतं की भाव कमी लागला. बदललेला भाव त्याला कुणी समोर बोलावून, कापूस दाखवून सांगितलेला नसतो. तो त्याला पहिल्यांदा दिसतो तुमच्या हातच्या कागदावर. मग तो चिडणार कुणावर?

आणि त्याचा राग समजून घ्या. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७,७१०. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे दर टक्क्याला भावातून एक टक्का कपात होते, आणि १२ च्या वर गेलं की माल घेतच नाहीत. १० टक्के ओलावा भरला तर ८,११० मधून १६२ रुपये गेले. २० क्विंटलची गाडी असेल तर जवळपास सव्वातीन हजार रुपये. त्यानं वेचणीची मजुरी आधीच चुकती केलेली असते, गाडीभाडं डोक्यावर असतं. सीसीआयच्या केंद्रावर निदान ओलाव्याच्या यंत्राचा आकडा त्याला डोळ्यांनी दिसतो. तुमच्याकडे तेवढीच रक्कम एका आरोळीवर इकडची तिकडे होते, आणि त्या आरोळीचा कागद कुठेच नसतो.

म्हणून मला वाटतं की हे भांडण काकांच्या स्वभावातून जेवढं येतं, त्याहून जास्त या तोंडी कारभारातून येतं. काकांच्या जागी शांत माणूस बसवला तरी भाव तोंडी बदलत राहिला तर खिडकीशी वाद होणारच. फरक एवढाच पडेल की तो माणूस ओरडणार नाही.

आता स्वभावाचं. ‘तापट आहेत’ हे तुम्ही मान्य करून टाकलं आहे, पण तुमच्याच पत्रात लिहिलंय की मालक आले की आवाज खाली येतो. म्हणजे आवाज त्यांच्या ताब्यात आहे. तो कुठे चढवायचा आणि कुठे उतरवायचा हे त्यांना कळतं. तुमच्यासमोर तो चढतो, कारण तिथे चढवला तर काही बिघडत नाही असा आजवरचा अनुभव आहे. ‘बाईमाणसाले काय समजते’ हे वाक्यही तिथूनच येतं. काट्यावर तुमच्या जागी एखादा पुरुष असता तर काका हे बोलले नसते. ते तुमच्या मनाला लागतं यात तुमचा काही हळवेपणा नाही. ते लागावं असंच वाक्य आहे.

तरी काका मुळात वाईट नाहीत हे तुमचं म्हणणं मी धरून चालतो. आयुष्यभर हाताच्या चिमटीत धागा ओढून कापसाची परीक्षा केलेला माणूस, त्याचा शब्द शेतकरी मानतात. खाली करताना भाव बदलला, म्हणजे पहिल्यांदा पाहताना आपली नजर चुकली, हे त्यांना शेतकऱ्यासमोर कबूल करावं लागतं. ते जड जातं, मग जवळ जो दिसेल त्याच्या नावावर ते ढकललं जातं. त्यांचं वागणं यानं योग्य ठरत नाही. पण त्यांच्याशी बोलताना हे लक्षात असलं तर तुम्ही त्यांची अब्रू सांभाळून बोलाल, आणि तसं बोललं तरच ते ऐकतील.

उपकाराचा मुद्दा तुम्ही पत्रात दोन ठिकाणी आणला आहे, त्यावरून तुम्हाला तो किती बांधून ठेवतो ते कळतं. काम मिळवून दिलं हा उपकार खराच, तो विसरू नका. पण तो फेडायच्या जागा वेगळ्या आहेत. त्यांच्या घरच्या लग्नात राबा, आजारपणात डबा न्या, गावात त्यांच्याबद्दल चांगलं बोला. खोटा आळ अंगावर घेणं ही उपकाराची फेड होत नाही. आणि हा आळ साधा नाही. ‘हिनं चुकीचं लिहिलं’ हे चार शेतकऱ्यांसमोर पुन्हापुन्हा बोललं गेलं आणि तुम्ही गप्प राहिलात, तर पाचव्या शेतकऱ्याच्या कानावर जाताना त्याचं ‘काट्यावरची बाई घोळ करते’ असं होतं. तुम्हाला वाटतं गप्प राहिल्यानं भांडण टळलं. ऐकणारे मात्र त्याला कबुली समजतात.

गप्प राहण्यात आणखी एक धोका आहे, तो तुमच्या कामाच्या जागेचा आहे. जिनिंगमध्ये आग किती पटकन लागते हे तुम्हाला मी सांगायला नको. कापसातून आलेला खिळा किंवा दगड रोलरमध्ये घासला, एक ठिणगी पडली, की गंजी आतून धुमसत राहते आणि वर दिसायला वेळ लागतो. काट्यावर थांबलेला ड्रायव्हर म्हणाला, ‘ताई, तिकडून जळका वास येते,’ आणि काकांना आवाज द्यायचा धसका घेतलेल्या तुम्ही आधी दुसरं कुणी सापडतं का ते पाहत बसलात तर? दोन माणसांचं बोलणं तुटलं की अशा कामाच्या बातम्याही अडतात. आग लागल्यावर कुणी विचारत नाही की तुमचं काय बिनसलं होतं.

काकांशी बोलायच्या आधी एक काम करा. तुमच्या चुका वेगळ्या काढा. दोन-तीनदा आकडा चुकल्याचं तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात. ती ओळ महत्त्वाची आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीला, काय चुकलं, नंतर दुरुस्त झालं का, हे एका वहीत लिहा. त्याच वहीत यापुढे ज्या ज्या गाडीचा भाव बदलेल ती नोंदवत जा: तारीख, गाडी नंबर, पहिला भाव, बदललेला भाव, कारण, कुणी सांगितलं. त्यावर टीका-टिप्पणी नको, नुसती नोंद. आठ-दहा दिवसांत चित्र तुम्हालाच दिसेल. तुमच्या चुका कमी निघाल्या तर बोलताना पायाखाली जमीन असेल. जास्त निघाल्या तर आधी त्या सुधारायच्या आहेत हे कळेल, आणि काकांना त्या स्वतःहून सांगितल्या की निम्मी धार तिथेच बोथट होते.

आता बोलणं. कधी आणि कुठे याला आपल्या भागात फार महत्त्व आहे, कारण इथे कामाची वेळ संपली म्हणून माणसं एकमेकांपासून सुटत नाहीत. पानटपरीवर तेच, सप्ताहाच्या पंगतीत तेच, लग्नाच्या मांडवातही तेच. शहरातल्या लोकांसाठी लिहिलेले सल्ले इथे म्हणूनच कमी पडतात. तिथे ऑफिसात तक्रार ऐकायला एक विभाग असतो आणि संध्याकाळी प्रत्येक जण आपापल्या वस्तीत जातो. तुमच्या बोलण्याचा निकाल काहीही लागो, पुढच्या पोळ्याला तुम्ही माहेरी गेलात तर काका समोर दिसणारच आहेत. तेव्हा टपरीवर बोलू नका, त्यांच्या घरी तर मुळीच नको. तिथे काकू असतील, मुलं-सुना असतील, आणि घरच्यांसमोर कुणीही पुरुष माघार घेत नाही. ज्या दिवशी अपमान झाला त्याच दिवशीही नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, शेवटची गाडी गेल्यावर, जिन थांबल्यावर, केबिनबाहेरच्या बाकावर चहा घेताना बोला. एकटं, पण चार लोकांच्या नजरेच्या टप्प्यात.

शब्द तुमचेच हवेत, तरी एक नमुना देतो. तुमच्या घरच्या बोलीतच बोला, पुस्तकी बोललात तर काकांना ती वकिली वाटेल.

‘काका, एक बोलाचं होतं. तुमी मले या कामावर लावलं, ते मी विसरली नाही. परवा त्या पिकअपचा भाव खाली करताना कमी झाला. तुमी तिकडून आवाज देला, मी तसं लिहिलं. शेतकरी भांडाले आला तवा तुमी म्हटलं, इनंच चुकीचं लिहिलं. चार लोकांत ते मनाले लागलं. उद्या लोक मले पैशे खाणारी समजतीन. भाव बदलला का चिठ्ठीवर सही करून देत जा. अन् माया हातून आकडा चुकला तर बाजूले बोलावून बोला, मी ऐकीन.’

यात एकच प्रसंग आहे. ‘तुम्ही नेहमी असंच करता’ म्हटलं की माणूस ‘नेहमी’वर वाद घालतो आणि पिकअप बाजूला राहते. यात काकांच्या स्वभावावर शब्द नाही, त्यांना खोटारडं म्हटलेलं नाही. जे घडलं ते सांगितलं, त्यानं तुमचं काय होतं ते सांगितलं, आणि शेवटी एक अशी गोष्ट मागितली जी ते उद्यापासून करू शकतात. ‘मला मान द्या’ अशी मागणी करू नका. मान दिला की नाही यावर दोघांचं कधीच एकमत होणार नाही. चिठ्ठी दिली की नाही हे मात्र दिसतं.

घरी एकदा मोठ्यानं बोलून पाहा, नवऱ्याला काका करा. पहिल्या खेपेला रडू येईल. घरी आलेलं बरं.

काका काय म्हणतील? बहुधा आधी चिडतील. ‘आता तू मले शिकवशीन?’ तेव्हा आवाज न चढवता एवढंच म्हणा, ‘शिकवत नाही काका. पावतीवर सही माई रायते, म्हणून बोलली.’ किंवा हसण्यावारी नेतील, ‘अवं, मनावर नको घेऊ, हंगामात असं होतेच.’ इथे बऱ्याच जणी हसून उठून येतात, आणि बोलणं वाया जातं. तुम्ही थांबा. ‘बरं काका, पण चिठ्ठीचं कसं करता?’ असं परत विचारा. काही माणसं अशा वेळी एकदम गप्प होतात. तसं झालं तर उत्तर काढून घ्यायचा हट्ट धरू नका. चहा संपवा, उठा, आणि पुढचा आठवडा वागणं पाहा. वयानं मोठ्या माणसाला ‘चुकलं’ म्हणणं जमत नाही, पण दुसऱ्या दिवशी तो चिठ्ठी लिहून पाठवतो, अशी कितीतरी माणसं आहेत. ती चिठ्ठी आली की तीच माफी समजा, वर आणखी काही मागू नका.

आणि प्रसंग पुन्हा घडला तर? त्या क्षणी काकांशी वाद घालू नका. शेतकऱ्याशी बोला, कागद समोर धरून: ‘दादा, हा पहिला भाव. खाली केल्यावर ओला निघाला म्हणून काकांनी हा सांगितला. दोन मिनिटं थांबा, काका तुम्हाला कापूस दाखवतील.’ यात तुम्ही कुणावर आरोप केलेला नाही, आळ मात्र घेतलेला नाही. तुमच्यासाठी हे वाक्य सगळ्यात अवघड असेल आणि सगळ्यात उपयोगी पडेल. शेतकऱ्यालाही त्यातून न्याय मिळतो. आपला भाव का कापला गेला हे जाणून घ्यायचा त्याचा हक्क आहे, आणि समाधान झालं नाही तर तो बाजार समितीकडे जाऊ शकतो, हेही त्याला माहीत असतं.

मामांना सध्या थांबवा. त्यांच्या मनात चांगलंच आहे. पण ते काकांकडे गेले की तुमचं म्हणणं त्यांच्या शब्दांत जाईल, त्यांच्या रागासकट जाईल, आणि काकांना ते भाचीचं गाऱ्हाणं न वाटता दुसऱ्या घरानं मागितलेला जाब वाटेल. काट्यावरचा वाद मग दोन घरांचा होतो आणि गावात त्याला वर्षानुवर्षं मरण नसतं. तिसरं माणूस लागलंच तर नात्याबाहेरचं घ्या, काम जाणणारं घ्या. जुने मुनीम असतील तर उत्तम. त्यांना निरोप न्यायला सांगू नका, तुम्हा दोघांच्या मधे बसायला सांगा. बोलणं तुम्हीच करायचं.

व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरही काही टाकू नका, नाव न घेता टोमणा मारणारी सुविचाराची ओळसुद्धा नको. ती कुणासाठी आहे हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या जिनिंगला कळतं.

मालकांकडे पुन्हा जाच, पण तक्रार घेऊन जाऊ नका. मागच्या वेळी तुम्ही ‘काका असं बोलतात’ म्हणालात. मालकांना त्यात दोन माणसांची कुरबूर दिसली आणि त्यांनी हात झटकले. त्यांनी झटकायला नको होते, हे मी ठामपणे म्हणतो. त्यांच्या अंगणात, त्यांच्या धंद्यासाठी काम करणाऱ्या बाईचा रोज अपमान होतो आणि ते ‘तुमचं तुम्ही पाहा’ म्हणतात, हे योग्य नाही. तरी तुम्हाला काम करून घ्यायचं आहे, म्हणून या वेळी वही घेऊन जा. ‘इतक्या गाड्यांचा भाव खाली करताना बदलला, त्यातल्या इतक्या शेतकऱ्यांनी वाद घातला, दोघं-तिघं पुढच्या खेपेला दुसऱ्या जिनिंगला गेले. भावबदलाची छापील चिठ्ठी सुरू करू या. गाडी नंबर, पहिला भाव, नवा भाव, कारण, ग्रेडरची सही आणि शेतकऱ्याची सही.’ यात काकांचं नावही नाही. मालकाला गिऱ्हाईक जाण्याचं दुःख कळतं. छापखान्यात असं पुस्तक चार पैशांत होतं. काकांशी बोलण्याआधी मात्र मालकांकडे जाऊ नका. आपल्या माघारी वर सांगितलं, हे काकांना कळलं तर पुढचं बोलणं बंदच झालं.

असाच त्रास इतरही लिहून कळवतात. ग्रामपंचायतीतल्या संगणक चालकाला पदाधिकारी तोंडी काहीतरी करायला सांगतात आणि अंगाशी आलं की ‘त्यानंच केलं’ म्हणतात. आशाताईंना फोनवर घाईघाईनं आकडे मागतात, बैठकीत ते जुळले नाहीत की सगळ्यांदेखत त्यांनाच उभं करतात. या सगळ्यांना मी हेच सांगेन की तोंडी सूचना मिळाली की लगेच, आदरानं, दोन ओळींचा निरोप पाठवा: ‘आपण आत्ता फोनवर सांगितल्याप्रमाणे अमुक करत आहे.’ भांडण होण्याआधी पाठवलेल्या या दोन ओळी भांडणानंतरच्या दोन पानी खुलाशापेक्षा जास्त कामाच्या असतात.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण हे वाचणाऱ्या सगळ्याच जणींची परिस्थिती तुमच्यासारखी नसेल. वरिष्ठ माणूस अंगचटीला येत असेल, लैंगिक अर्थाचं बोलत असेल, तशी मागणी करत असेल, तर चहाच्या बाकावर बसून समजावण्याचा सल्ला त्यांच्यासाठी नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागा असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची, सबळ कारण असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढू शकते. तसंच जातीवरून अपमान होत असेल तर तो स्वभावाचा प्रश्न उरत नाही, तो गुन्ह्याचा विषय होतो.

आता नवऱ्याचा सल्ला. काम सोडणं यात कमीपणा काहीच नाही. तुम्ही हिशेब जाणता, संगणक जाणता, दाल मिल, पतसंस्था, सेवा केंद्र, कुठेही तुमची गरज पडू शकते. पण हंगामाच्या मध्यात, आळ अंगावर असताना अचानक सोडलंत तर लोक उरलेली गोष्ट स्वतः जोडतात: घोळ निघाला म्हणून गेली. तुम्हाला पुढे याच तालुक्यात काम मागायचं आहे. म्हणून बोलून पाहा, चिठ्ठीसाठी प्रयत्न करा, आणि महिनाभरात काहीच हललं नाही तर सोडायची तयारी सुरू करा. सोडताना पावतीपुस्तकं, नोंदी, किल्ल्या मोजून द्या, त्या मिळाल्याची मालकांची किंवा मुनिमांची सही घ्या, पगाराची बाकी चुकती करून घ्या. आणि दोन हंगाम काट्याचं काम चोख केल्याचं पत्र मागा, मालक ते नाकारणार नाहीत. एक अपवाद मात्र आहे. जेवण जात नसेल, मुलांवर विनाकारण हात उठायला लागला असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर महिन्याची वाट पाहू नका. आबरू पुन्हा कमावता येते. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. नुसती झोप लागत नाही, एवढ्या कारणासाठीही तिथे फोन करता येतो.

हंगाम निघेपर्यंत सोसायचं, या तुमच्या तिसऱ्या वाटेबद्दल मी फार लिहिलं नाही, कारण ती मला वाट वाटत नाही. हंगाम संपला की काका आणि तुम्ही पाच-सहा महिने वेगळे राहाल, सगळं विसरल्यासारखं होईल, आणि दसऱ्यानंतर पहिल्या गाडीला पुन्हा तोच आवाज येईल.

जिनिंगचे मालक आणि मुनीम हे वाचत असतील तर त्यांनाही सांगतो. काट्यावर बसलेल्या पोरीबाळींना ‘तुमचं तुम्ही पाहा’ म्हणू नका. खाली करताना भाव बदलणार असेल तर गाडी थांबवून, शेतकऱ्याला ढिगाजवळ बोलावून, कापूस दाखवून मगच बदलायचा, आणि चिठ्ठीशिवाय काट्यावर नवा भाव घ्यायचा नाही, असा नियम करा. हंगामाच्या मध्यात जुन्या ग्रेडरला तो जाचक वाटेल. पुढच्या हंगामाच्या काटापूजनाला सगळे जमतात, पहिल्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं देतात, तेव्हाच चिठ्ठ्यांचं पुस्तक काट्यावर ठेवा आणि पहिली सही ग्रेडरकडूनच करून घ्या.